टाउनला कधी काय बघायचं: मुंबईत नव्यानं आलेल्यांसाठी

मुंबईत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक शब्द कानावर पडतो: टाउन. "उद्या जरा टाउनला जायचंय," असं बोरिवलीचा माणूस म्हणतो तेव्हा आपणही मुंबईतच राहतो हे तो विसरलेला असतो. टाउन म्हणजे ढोबळमानानं चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन शेवटच्या स्टेशनांच्या आजूबाजूचा भाग. फोर्ट, काळा घोडा, कुलाबा, नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह, आणि थोडं वर सरकलं की काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव.

नवी मंडळी पहिल्या रविवारी भर दुपारी गेटवेला जातात, फोटो काढतात, घामानं निथळत परत येतात आणि "झालं बघून" म्हणतात. फोर्टात चौदा वर्षं नोकरी करून मला एवढंच कळलंय की टाउनमध्ये कुठे जायचं ते कुणीही सांगेल, पण कधी जायचं ते चुकलं की सगळंच चुकतं. म्हणून हा लेख महिन्यांच्या क्रमानं लिहिलाय. सुरुवात जूनपासून, कारण कॉलेजातून थेट नोकरीवर रुजू होणारी बरीच पोरं साधारण तेव्हाच बॅगा घेऊन उतरतात.

पहिली पायरी: तीन वेळापत्रकं

घरात भिंतीवर तिथी असलेलं कॅलेंडर लावा. मोबाइलमध्ये तारखा मिळतात हे खरं, पण इथले अर्धे सोहळे तिथीवर चालतात आणि समुद्रही तिथीवरच चालतो. कोकणातले लोक भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं, आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. हे एक गणित आलं की गिरगाव चौपाटीवर वाळू किती मोकळी असेल आणि मरीन ड्राइव्हवर लाटा उडतील की नुसते दगड दिसतील, हे घरबसल्या कळतं.

दुसरं वेळापत्रक रेल्वेचं. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे देखभालीसाठी काही मार्गांवर काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. आदल्या दिवशी बातम्यांत येतो. तो न बघता हार्बर लाइनवरून निघालेला माणूस कुर्ल्यात उभा राहून नशिबाला दोष देताना मी पुष्कळदा पाहिलाय.

तिसरं हवामान खात्याचं, फक्त जून ते सप्टेंबर. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा यांतला फरक समजून घ्या. लाल असेल तर सहल रद्द, वाद नको.

दुसरी पायरी: पोचायचं आणि फिरायचं कसं

लोकलला पर्याय नाही. पश्चिम रेल्वेवरून चर्चगेट, मध्य आणि हार्बरवरून सीएसएमटी. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते. त्यातली गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही स्टेशनं टाउन फिरणाऱ्यांसाठीच केल्यासारखी आहेत. आरे ते कफ परेड पूर्ण प्रवासाला ७० रुपये. लोकलपेक्षा महाग, पण मे महिन्यात ते पैसे वसूल होतात.

रिक्षा शोधू नका. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत. इथे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस आणि पाय. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५मध्ये ३१ रुपये झालं. मीटर टाकायला सांगा, "किती घेणार?" विचारू नका. एकदा विचारलं की मीटर विसरायचा.

तिसरी पायरी: आधी रिकामं टाउन बघा

सण-सोहळ्यांच्या गर्दीत इमारती दिसत नाहीत. म्हणून आधी एका रविवारी सकाळी सातला सीएसएमटीला उतरा. बाहेर पडून फाटकाच्या खांबांकडे बघा: एकावर सिंह, एकावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. या स्टेशनासमोरून मी चार वर्षं रोज धावत ऑफिस गाठलं आणि वाघ मला पाचव्या वर्षी दिसला. समोरची महापालिकेची इमारत त्याच वास्तुविशारदाची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची. तिथून दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक, डावीकडे वळून हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, मग परत काळा घोड्यावरून ओव्हल मैदान.

ओव्हलच्या मध्यात उभं राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, टोकदार गॉथिक. पश्चिमेला गोलाकार सज्जांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. दोन काळ समोरासमोर उभे आणि मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. एवढं सगळं दोन तासांत होतं आणि खर्च फक्त चहाचा.

जून ते ऑगस्ट: पाऊस आणि उधाण

मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. कुलाब्याला जून ते सप्टेंबरमध्ये साधारण २,१०० मिलिमीटर पडतो. आकडा सोडा, एवढं लक्षात ठेवा की टाउनमधला पाऊस आणि तुमच्या घराजवळचा पाऊस एक नसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. फोर्टात बसलेल्या लोकांना काही कळलंच नाही, घरी निघाले आणि अडकले. त्यामुळे टाउनमध्ये आभाळ मोकळं दिसलं तरी कांदिवली-मुलुंडच्या बातम्या बघूनच मुक्काम लांबवा.

आता मरीन ड्राइव्ह. पावसाळ्यात जे फोटो सगळीकडे फिरतात ते उधाणाच्या भरतीचे. महापालिका दर वर्षी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते. ती यादी वर्तमानपत्रात येते, कापून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवशी पाणी सर्वांत जास्त चढतं, आणि जून-जुलैतली मोठी उधाणं बहुधा भर दुपारी, बारा ते दोनच्या दरम्यान येतात. ऑफिसवाल्यांना जेवणाच्या सुट्टीत समुद्र बघता येतो तो यामुळे.

लाट कशी येते ते जवळून सांगतो. आधी दिसत नाही, ऐकू येते. कठड्याखालच्या टेट्रापॉडमधून, म्हणजे काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांमधून, घुमल्यासारखा आवाज येतो, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग पांढरी भिंत सरळ वर उठते. ती खाली पडते तेव्हा पाण्याबरोबर वाळू, थर्माकोल, बाटल्या, एखादी चप्पल असं सगळं फुटपाथवर येऊन आदळतं. वर्षभर शहरानं समुद्रात टाकलेलं समुद्र परत करतो. चष्म्यावर मीठ सुकतं ते घरी गेल्यावर दिसतं. मजा आहे, पण ती रस्त्याकडच्या बाजूनं घ्यायची. कठड्यावर बसू नका, आणि टेट्रापॉडवर तर पाऊलसुद्धा ठेवू नका. ते शेवाळानं गुळगुळीत असतात, आणि त्यांच्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणं फार अवघड. पोलिसानं शिट्टी वाजवली की मागे व्हा, "भाऊ, एकच फोटो" म्हणू नका.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, कारण समुद्रच नाल्यांच्या तोंडापेक्षा वर चढलेला असतो. मग रुळांवर पाणी आणि लोकल बंद. उधाणाची वेळ आणि लाल इशारा एका दिवशी दिसले तर घरीच थांबा, लाटा टीव्हीवर छान दिसतात.

पावसातलंच, पण फारसं कुणी न सांगितलेलं एक दृश्य म्हणजे कांगा लीग. १९४८पासून चाललेली ही क्रिकेट स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळवायची अशी प्रथा. आझाद मैदान, ओव्हल, क्रॉस मैदान या ठिकाणी रविवारी भिजलेल्या गवतात सामने चालतात. चेंडू गवतात थबकतो, फलंदाज उचलून मारायला जातो, फसतो. सर आली की सगळे तंबूत, थांबली की पुन्हा मैदानात. तिकीट नाही, छत्री घेऊन कडेला उभं राहायचं. मुंबईचा फलंदाज वाईट खेळपट्टीवर का टिकतो यावर चर्चा करणारे दोन-तीन म्हातारे तिथे असतातच. त्यांच्याशी गप्पा मारा, पण मत देऊ नका.

श्रावणात नारळी पौर्णिमा. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतो आणि हंगाम सुरू झाल्याचं मानतो. कुलाबा आणि कफ परेडच्या मच्छीमार नगराकडे संध्याकाळी मिरवणुका निघतात. तुम्ही पाहुणे आहात हे लक्षात ठेवा, बायकांच्या तोंडापुढे मोबाइल धरू नका. ऑगस्टात ससून डॉक बघायचा असेल तर पहाटे पाचला पोचा, जुने बूट घाला, आणि टोपल्या डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईच्या वाटेतून बाजूला व्हा. ती थांबत नाही. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत लिलाव इतक्या भराभर चालतो की पहिल्या दिवशी कोण विकतंय आणि कोण घेतंय तेच कळत नाही. कॅमेरा काढण्याआधी परवानगी विचारा.

गणपती: इथे वेळ काढा

बाकी सगळं चुकलं तरी चालेल, पण गिरगावातले गणपती चुकवू नका. नवे लोक थेट लालबागला जातात, दहा-बारा तास रांगेत उभे राहतात आणि पाय धरून परत येतात. श्रद्धा असेल तर जरूर जा. पण गणेशोत्सव बघायचा असेल तर गिरगाव.

मधला एखादा दिवस निवडा, पाचवा ते आठवा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून. दुपारी चारला चर्नी रोडला पूर्वेकडे उतरा, किंवा मेट्रोनं थेट गिरगावला. आधी खाडिलकर रोडवरची केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३मध्ये सुरू झाला. मोठा मंडप, लेझर, सेलिब्रिटी असं काही नाही. चाळीच्या आवारात छोटी शाडूची मूर्ती, समोर सतरंजी, कडेला खुर्चीवर बसलेले आजोबा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं चुकीच्या ठिकाणी आलो. एका काकूंनी प्रसाद हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हाच. बसा जरा."

तिथून निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा, १९२८पासूनचा. मूर्ती उंच, आणि तरीही शाडूची. या दोन मूर्ती एकापाठोपाठ बघितल्या की बाकीचं समजायला सोपं जातं. अंधार पडला की खेतवाडी. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीला आपला गणपती. एका गल्लीतून शिरायचं, दुसरीतून बाहेर पडायचं. नकाशा बंद ठेवा, ढोलाच्या आवाजाकडे चालत राहा.

अनंत चतुर्दशी हा वेगळाच मामला. वर सांगितलेलं गणित इथे वापरा: चौदावी तिथी, म्हणजे भरती दिवसा आणि रात्री साडेदहा ते बाराच्या सुमारास, आणि ओहोटी पाच-सहाला. पौर्णिमा तोंडावर असल्यामुळे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. म्हणूनच संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर लांबवर ओली वाळू पसरलेली दिसते आणि मूर्तींचे गाडे खूप आतपर्यंत न्यावे लागतात. मोठ्या मंडळांचं सगळं वेळापत्रक या पाण्यावर बसवलेलं असतं. २०२५ साली लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर पोचला तेव्हा भरती सुरू झाली होती. शेवटी विसर्जन व्हायला रात्र झाली.

त्या दिवशी जायचंच असेल तर दुपारी दोन-तीनपर्यंत पोचून जागा धरा. पाठीवर बॅग नको, फोन आतल्या खिशात, लहान मूल सोबत असेल तर त्याच्या खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी. पाण्यात उतरू नका. या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट आणि जेलीफिश येतात, महापालिका दर वर्षी सूचना काढते आणि दर वर्षी कुणीतरी ती न ऐकून पाय सुजवून घेतो. परतीला चर्नी रोडच्या पुलावर जाऊ नका. रात्री अकराच्या गर्दीत मी त्या पुलावर चाळीस मिनिटं एका जागी उभा होतो, हात वर करायलाही जागा नव्हती. तेव्हापासून मी सरळ चालत मरीन लाइन्स गाठतो, जमलं तर चर्चगेट. रात्रभर जादा लोकल सोडतात, घाई करायचं कारणच नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: थोडक्यात

ऑक्टोबर हिटमध्ये टाउन फिरण्यासारखं नाही. पितृपक्ष-नवरात्रात मुंबादेवी आणि भुलेश्वरच्या बाजूला जायचं तर संध्याकाळीच. दिवाळीच्या आधी लोहार चाळीत दिव्यांच्या माळा घ्यायला जा. माळ दुकानातच लावून दाखवायला सांगा, सगळी. अर्धी पेटते ती घरी आल्यावर कळतं.

दिवाळीत मरीन ड्राइव्हवर फटाके बघायला झुंबड उडते. मला त्यापेक्षा लक्ष्मीपूजनानंतरच्या पाडव्याची सकाळ आवडते. ऑफिसं बंद, दुकानं बंद, फोर्ट इतका शांत की दादाभाई नौरोजी रोडवर कबुतरांच्या पंखांचा आवाज येतो. तिसऱ्या पायरीतली फेरी त्या दिवशी करता आली तर उत्तमच. दलाल स्ट्रीटवर लक्ष्मीपूजनाला शेअर बाजाराचे मुहूर्ताचे सौदे होतात, १९५७पासूनची पद्धत. आत जाता येत नाही, पण बाहेरची रोषणाई बघता येते.

डिसेंबर ते फेब्रुवारी: हीच ती वेळ

गावाकडून आई-वडील येणार असतील तर याच महिन्यांत बोलवा. हवा कोरडी, सकाळी शाल लागेल इतपत गारवा.

४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१च्या कराची हल्ल्याची आठवण. त्या सुमारास गेटवेसमोर नौदलाचं बँड आणि कवायतीचं संचलन होतं, अंधार पडला की बंदरातल्या युद्धनौका दिव्यांनी उजळतात. निमंत्रण नसेल तर अपोलो बंदरच्या कठड्यावरून जेवढं दिसेल तेवढं. दोन दिवसांनी ६ डिसेंबर. महापरिनिर्वाण दिनाला देशभरातून लाखो लोक दादरला चैत्यभूमीवर येतात आणि त्यातले बरेच टाउनही बघून जातात. गाड्यांना गर्दी असते, तक्रार करू नका. त्या दिवशी शिवाजी पार्कला पुस्तकांचे स्टॉल लागतात ते मात्र जरूर बघा.

हिवाळ्यात गेटवेच्या बोटींमागे कुरव पक्षी लागतात. लोक त्यांना सीगल म्हणतात. बोटीतून कुरमुरे, वेफर्स फेकले की ते हवेतच झेलतात, म्हणून सगळे फेकतात. फेकू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तळलेलं मीठ कशाला?

घारापुरीची लेणी बघायलाही हाच मोसम. पण सोमवारी लेणी बंद असतात. हे मला माहीत नव्हतं. सांगलीहून आत्या आली होती, मी हौसेनं सोमवारची रजा टाकली. गेटवेला पोचल्यावर चहावाल्यानं सांगितलं. आत्या शांतपणे म्हणाली, "अरे, मग रजा कशाला घेतलीस?" शेवटी बंदरातच तासाभराची फेरी मारून परत आलो. आता कॅलेंडरवर मी सोमवारांवर फुल्या मारून ठेवतो.

नाताळात कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलची मध्यरात्रीची प्रार्थना, फोर्टातलं १७१८चं सेंट थॉमस चर्च आणि क्रॉफर्ड मार्केटमधली चांदण्या-घंटांची दुकानं. ३१ डिसेंबरला गेटवे टाळा, तिथे नुसती ढकलाढकल. मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटच्या बाजूला थोडी मोकळी जागा मिळते. त्या रात्रीही जादा लोकल असतात, वेळा आधी बघून ठेवा.

जानेवारीचा तिसरा रविवार मॅरेथॉनचा. पहाटेपासून टाउनचे रस्ते बंद, म्हणजे टॅक्सी विसरा. पळायचं नसेल तरी सकाळी सातला मरीन ड्राइव्हवर उभं राहून टाळ्या वाजवायला जा. पुढचे धावपटू वाऱ्यासारखे जातात. खरी मजा मागून येणाऱ्यांची: नऊवारी नेसलेल्या आज्या, छत्रपतींच्या वेशातले काका, चालत-पळत येणारं अख्खं ऑफिस. २६ जानेवारीला सीएसएमटी, महापालिका आणि मंत्रालय तिरंगी उजेडात न्हालेले असतात. ते रात्री दहानंतर बघा, गाड्या कमी झाल्यावर.

मग काळा घोडा महोत्सव. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ दिवस, १९९९ साली सुरू झालेला, प्रवेश फुकट. शनिवार-रविवारी संध्याकाळी गेलात तर कला दिसणार नाही, कलेसमोर उभी माणसं दिसतील. मधल्या वारी दुपारी तीनला जा, ऑफिस सुटायच्या आत निघा. कार्यशाळांची नोंदणी लवकर भरते. नाटक-संगीताचे कार्यक्रम जवळपासच्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे पत्रिका आधी वाचून दोनच गोष्टी ठरवा. सगळं बघायला निघालेला माणूस शेवटी खाण्याच्या स्टॉलपाशीच सापडतो. आणि हो, मूळ काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५मध्ये इथून हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. इथे आज दिसतो तो २०१७मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा. भाबडा पर्यटक "राजा कुठेय?" विचारतो, आता तुम्ही सांगू शकाल.

मार्च ते मे: पाडवा, आंबे, सूर्यास्त

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा निघते, फडकेवाडीच्या गणपती मंदिरापासून. फेटे बांधून, नऊवारीत बुलेट चालवणाऱ्या बायका पुढे, मागे ढोल-ताशा, चित्ररथ. साडेसातपर्यंत पोचलात तर फुटपाथवर जागा मिळते. नऊनंतर फक्त लोकांच्या टोप्या दिसतात. पाणी बरोबर न्या, मार्चचं ऊन फसवं असतं.

रमजानला ठरलेला महिना नाही, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कोणत्याही मोसमात आला तरी रात्री मिनारा मशिदीच्या आसपास, मोहम्मद अली रोडवर जा. सीएसएमटीपासून चालत वीसेक मिनिटं. नऊनंतर, उपाशीपोटी. मालपुवा दोघांत एक पुरतो, हे मी अनुभवानं सांगतो. रस्त्यावर ताट हातात घेऊन खाताना दिवसभर उपास केलेल्यांना आधी वाढू द्या.

हापूससाठी क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ची. मार्चमधली पेटी दाखवण्यासाठी असते, खाण्यासाठी नाही. एप्रिल मध्यानंतर भाव उतरतात. देठाजवळ वास घ्या, सगळीकडून सारखा पिवळाधमक असेल तर संशय घ्या, साल किंचित सुरकुतलेली असेल तर उत्तम. "देवगड आहे का?" असं विचारलं तर उत्तर "हो"च येणार, त्यामुळे विचारण्यात अर्थ नाही. एक कापून मागा.

१ मेला सकाळी हुतात्मा चौकात जा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक फुलांनी भरलेलं असतं. शेजारचं १८६४चं फ्लोरा फाउंटन आणि हे स्मारक एकाच चौकात, हे बाहेरून आलेल्याला नेहमी गोंधळात टाकतं.

उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायचं नाही, संध्याकाळ मात्र मरीन ड्राइव्हची. इथे एक चूक सगळे करतात. गिरगाव चौपाटीवर बसून सूर्यास्त बघायला जातात आणि सूर्य मलबार हिलच्या मागे जातो. समुद्रात बुडणारा सूर्य हवा असेल तर नरिमन पॉइंटच्या, एनसीपीए या नाट्यगृहाच्या टोकाला जा. तिथे वर्षभर समोर उघडा समुद्र. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. चौपाटीवर भेळ खा, पण सूर्यास्तानंतर. दिवे लागले की अख्खं वळण उजळतं, त्याला राणीचा रत्नहार म्हणतात, आणि तो बघायचा मलबार हिलवरून.

मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो आणि गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यापुरत्या बंद होतात, त्यामुळे अलिबागचा बेत त्याच्या आत उरका. त्याच सुमारास फुटपाथवर छत्री दुरुस्त करणारे बसू लागतात. जुनी छत्री तेव्हाच दाखवून घ्या. ११ जूननंतर त्याच्यासमोर रांग असते आणि तो तुमच्याकडे वर मान करूनही बघत नाही.